हळदीचे सेल

शिमगा जवळ आला की हिंगोलीत हळद येते. मोंढ्याच्या बाजाराकडच्या रस्त्याला ट्रॅक्टर नि टेम्पो एकामागे एक लागतात, पोत्यांच्या शिवणीतून पिवळा भुगा गळत राहतो, आणि शाळेत शिकवून घरी येईपर्यंत माझ्या चपलांचे तळ पिवळे होतात. लोकांना हा वास आवडतो. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, "काय बाई मंगल वास सुटलाय!" मी मान डोलावते आणि खिडकी लावून घेते. मला या वासाने मळमळतं. चोवीस वर्षं झाली, अजून मळमळतं.

यंदा हळद आली त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं. मी सवयीने त्यातला सेल काढला, पदराला घासला, बुडाला ओल सुटलीय का ते बघितलं आणि गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवून आले. माझी पोरगी तन्वी बारावीला आहे, म्हणजे तिला जगातलं सगळं कळतं. ती म्हणाली, "मम्मी, पंधरा रुपयांचा सेल येतो. टाक ना तो. काय कंजूसपणा लावलाय!"

"मेला नाही तो. थकलाय," मी म्हटलं. "ऊन लागलं की उठेल."

कॉटवर बसून माझी माय लसूण सोलत होती. तिच्या बोटातली पाकळी तशीच राहिली. "हे तुझ्या आबाचं बोलणं हाय," ती म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. चोवीस वर्षांत तिने आबांचं नाव आपणहून काढल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरात आबांबद्दल न बोलण्याची आम्हा दोघींना चांगली सवय होती.

आबा म्हणजे माझे वडील. सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या पुढे आमचं गाव. पाच एकर रान, त्यात एकरभर हळद. आबांना विडी नाही, पान नाही, तमाशाचा नाद नाही. नाद एकच, सेलातला शेवटचा जीव काढायचा. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात, आणि तिच्यात घालतात ते सेल. वर्षातून दोनदा नवा जोड यायचा, एकदा पेरणीला, एकदा हळदीला. हळदीचे सेल म्हणजे घरातला मानाचा जोड. आबा तो स्वतः बाजारातून आणायचे, मायकडून त्याला हळदीचं बोट लावून घ्यायचे आणि मगच बॅटरीत घालायचे. बॅटरीतला जुना जोड उतरून रेडिओत जायचा. रेडिओतल्या दोघांपैकी जो बरा असेल तो घड्याळाला. घड्याळाला खरं तर बारका सेल लागायचा, पण आबांनी त्याला दोन वायरी जोडून मोठा सेल पाठीमागे सुतळीने बांधून दिला होता. घड्याळानेही नाही म्हटलं की मी आणि शेजारच्या पोरी तो दगडाने फोडायचो, आतली काळी कांडी काढायचो आणि भिंतीवर रेघोट्या मारायचो. तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याची सुटका व्हायची.

"सेल माणसासारखं हाय," आबा सांगायचे. "एका कामाला थकलं म्हणून मेलं न्हाई. हलकं काम द्या, पुन्हा उभं राहतंय."

गावातले लोक आपले उतरलेले सेल घेऊन आमच्या ओट्यावर यायचे. आबा ते पत्र्यावर उन्हात मांडून ठेवायचे, कुणाचा कुठला ते बरोबर ध्यानात ठेवायचे आणि संध्याकाळी परत द्यायचे. पण देताना बजावायचे, की उन्हातून काढलेल्या सेलावर लई भरवसा ठेवू नका. पेटताना लख्ख पेटतो आणि घटकाभरात मान टाकतो. चावायची तर सक्त मनाई. पोरं सेल दाताने चेपायची, त्याने थोडा जोर येतो म्हणून. आबांना ते खपायचं नाही. "थकल्या बैलाला पराणी टोचल्यावानी हाय ते," म्हणायचे.

आणि बॅटरी वापरायची त्यांची तऱ्हा! पेटवून धरून चालणं म्हणजे उधळपट्टी. एकदा बटन पुढे सरकवायचं, समोरची वाट डोळ्यांत भरून घ्यायची, बटन मागे. मग त्या बघितलेल्या वाटेवरून अंधारात बारा-पंधरा पावलं. पुन्हा बटन पुढे. मी मागून चालायचे आणि जाम घाबरायचे.

"आबा, दिसत न्हाई."

"आत्ताच बघितलंस की गं. बघितलेलं वापर."

मी अजून तसंच करते. जिन्यातला दिवा गेला की मोबाइलचा उजेड पाडते, चार पायऱ्या बघते आणि बंद करते. तन्वी म्हणते, पडशील एक दिवस. मी म्हणते, नाही पडणार. पण पायाला घाम सुटतो, हे तिला सांगत नाही.

त्या वर्षी मी दहावीला होते. परीक्षा बारा-तेरा दिवसांवर, हळदीची काढणी जोरात आणि लाईट नावालाच. भारनियमनामुळे दिवेलागणीलाच गाव काळंठिक्कर पडायचं. हळद शिजवायच्या लोखंडी कढया गावात दोनच होत्या, त्यामुळे पाळी लागायची. आपली पाळी आली की दिवस बघायचा नाही, रात्र बघायची नाही, शिजवून मोकळं व्हायचं. कढई रानात चुलवणावर चढायची, तिच्यात हळकुंडं, वर हळदीचाच पाला, त्यावर ओली पोती. वाफ शिवारभर फिरायची. केसांना तो वास, पांघरुणाला तोच, भाकरीच्या घासालाही तोच.

माझं लक्ष ना परीक्षेत होतं ना हळदीत. माझं लक्ष रेडिओत होतं. बांगड्यावाल्या चाचांची नूरी माझी जीव की प्राण मैत्रीण. आम्ही दोघींनी मिळून फर्माईशच्या कार्यक्रमाला कार्ड टाकलं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास गाणी लागायची आणि गाण्याआधी ज्यांनी कार्ड टाकलं त्यांची नावं वाचायचे. आमच्या गावाचं नाव कधी कुणी कुठे घेतलेलं नव्हतं. तिथे रेडिओवर आमची नावं! नूरीच्या घरी रेडिओ नव्हता, म्हणून ऐकायची जबाबदारी माझ्यावर. दोन गुरुवार मी रेडिओला कान चिकटवून बसले, पण त्यातले सेल इतके बसले होते की निवेदिका विहिरीतून बोलल्यासारखी वाटायची. काय नावं वाचली, देव जाणे. तिसऱ्या गुरुवारी शाळेतून येताना नूरीने माझा हात दाबला. "रेखा, आज पक्का आयेगा. तू बस ध्यान से सुन."

आबांनी हळदीचा नवा जोड आणून चारच दिवस झाले होते. तो बॅटरीत होता, आणि बॅटरी खुंटीला.

दुपारी घरात कुणी नव्हतं. मी रेडिओतले दोन थकलेले सेल काढले आणि चावले. चहूबाजूंनी, जोर लावून, हिरड्या दुखेपर्यंत. माझा वरचा एक दात तिरका आहे. त्याची खोक सेलाच्या वेष्टनावर वेगळीच उमटायची. मग ते पत्र्यावर ठेवले, ऊन कलेपर्यंत. उतरवले तेव्हा हाताला चटका बसत होता. ते बॅटरीत घातले आणि नवे रेडिओत. बटन सरकवून बघितलं, तर काय उजेड! मी मनाशी म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. आबांना रानात जायला दहा-पंधरा मिनिटं, आणि तिथे चुलवणाचा जाळ आहेच. सकाळी पुन्हा जागच्या जागी करून ठेवू. मी आबांचीच लेक होते, सेलांचं सगळं मला कळत होतं. उन्हातला सेल घटकाभरच चालतो हे तर चांगलंच कळत होतं. घटकाभर पुरे, असं वाटलं.

तिन्हीसांजेला आबा भाकरी खायला आले. रानात कढई चढलेली होती आणि शेजारचे रानवाले किसनकाका जाळाजवळ बसले होते. आबांनी ठेचा-भाकरी खाल्ली, चूळ भरली, खुंटीची बॅटरी काढली आणि नेहमीप्रमाणे भिंतीवर मारून बघितली. भिंतीवर ताटाएवढं पांढरंशुभ्र गोल उमटलं.

"बराबर," आबा म्हणाले. "यंदाचे सेल बेस लागले." मग माझ्याकडे वळून, "अभ्यास कर गं, रेखे. नुसती बसू नको."

एवढं बोलून ते गेले.

माझं नाव आलं. सेनगाव तालुक्यातून रेखा आणि नूरजहाँ, असं अगदी स्पष्ट, आणि आमच्या गावाचं नावही. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. आवाज पूर्ण वाढवला. अंगणातून माय ओरडली, "रेडिओ बारीक कर गं पोरी, कान फुटून राह्यले!" मी नाही केला. खोटं कशाला बोलू, आयुष्यात तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही. लग्नात नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही. आणि आजवर तो आनंद मी कुणाला दाखवू शकलेले नाही.

पहाटे किसनकाका दारात आले. "काहून वैनी, आबा उठले न्हाईत का अजून? मी वाट बघून बघून एकट्यानंच कढई उतरवली." काकांना वाटलं होतं आबा जेवून घरीच कलंडले. आम्हाला वाटलं होतं आबा कढईजवळ आहेत. रात्रभर कुणालाच काळजी नव्हती.

रानाच्या वळणावर आमची विहीर. तिला कठडा नव्हता, आजूबाजूच्या कुणाच्याच विहिरीला नसायचा. हळदीला पाणी देऊन देऊन तळ उघडा पडलेला, नुसते खडक. माय सगळ्यांच्या पुढे पळाली, मी सगळ्यांच्या मागे. पुढचं मी लिहिणार नाही.

पोलीस पाटील आले. त्यांनी मायला विचारलं, "बॅटरी कुठं हाय त्यायची?"

"घरीच हाय," माय म्हणाली. "न्हाई नेली त्यायनं."

मी तिथेच उभी होते. आबा बॅटरी घेऊन गेले हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दुपारी घरात आले तर बॅटरी खुंटीला होती. मग मला वाटलं, आबाच अर्ध्या वाटेतून परत येऊन ठेवून गेले असतील. रेडिओच्या नादात आपल्याला कळलं नसेल. मी डोळ्यांना खोटं पाडलं आणि खुंटीवर विश्वास ठेवला, कारण ते माझ्या सोयीचं होतं. तेराव्यानंतर रेडिओचं झाकण उघडलं तर आत सेलच नव्हते. म्हटलं, आल्यागेल्याने नेले असतील. तेही सोयीचंच होतं.

गावाला मात्र दुसरंच समजलं. घरात धड बॅटरी असताना माणूस काळोखात बॅटरीशिवाय जातो, आणि रानात न पोहोचता विहिरीत सापडतो. वीस वर्षांची पायाखालची वाट. याचा अर्थ काय? उडी मारली. काहून मारली? बायकोने टोचून खाल्लं असेल. चुलत्यांनी तर मायच्या तोंडावर म्हटलं, "आमचा भाऊ तू खाल्लास." हळदीच्या काढणीला बाया तिच्या रानात यायला कां-कूं करायच्या. मला बघायला आले त्या पाहुण्यांनी बैठकीतच विचारलं, "पोरीच्या बापानं जीव दिला म्हणे, घरात काही तकलीफ होती का?" माय खाली मान घालून म्हणाली, "नशीब." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. एक वाक्य बोलले असते तर आबांच्या माथ्यावरचं आणि मायच्या माथ्यावरचं, दोन्ही उतरलं असतं. नाही बोलले. ती मंडळी पसंत करून गेली.

नूरीने शाळेत विचारलं होतं, "अपना नाम आया था क्या उस दिन?" मी म्हटलं, "मालूम नहीं. हमारे सेल मर गए थे." तिने मला मिठी मारली आणि रडली. ती आता परभणीत असते, ईदला फोन करते. तिला अजून माहीत नाही.

परीक्षा दिली, पास झाले. "बापाविना पोरीनं नाव काढलं," लोक म्हणाले. अभ्यास करताना डोक्यावर घड्याळ टकटक करायचं. दहाव्याच्या सुमारास मायने त्याला नवीन सेल बांधला होता. नवीन म्हणजे कुठूनसा काढलेला. दोन पावसाळे चाललं ते घड्याळ, एक मिनिट मागे पडलं नाही.

गुडघे गेल्यापासून, चार वर्षं झाली, माय माझ्याकडे असते. आणि यंदा, मी सांगत होते त्या दिवशी, तन्वी क्लासला गेल्यावर तिने लसणाची सुपली बाजूला सारली.

"तो सेल उन्हातून काढ," ती म्हणाली.

"काहून? उठेल की तो."

"उन्हातलं सेल खोटं बोलतंय. बस इथं." मी बसले. "बॅटरी न्हेली व्हती त्यायनं, रेखा."

"कुठं होती मग ती?" मी विचारलं.

"विहिरीच्या काठाला, रुईच्या झुडपात पडली व्हती. मी पहिली पोचले म्हणून मला गावली. बटन पुढं सरकवलेलं व्हतं, पर उजेड न्हाई. चार दिवसाचे सेल, असे कसे उतरले, म्हणून मी तिथंच झाकण फिरवलं. सेलावर दात व्हते. तिरका दात. तुझ्या उष्ट्या भाकरीवर रोज बघायची मी ती खूण. आदल्या रोजी रेडिओ येवढा खणखणीत काहून वाजला, ते मला तिथं समजलं."

"माय…"

"मागून लोकं यिऊन राह्यले व्हते. बॅटरी पदरात घातली. घरी यिऊन रेडिओतले चांगले सेल तिच्यात घातले आन् खुंटीला लावली. तुझे दाताचे, एक उकिरड्यात खोल पुरला. एक घड्याळाला बांधला. घड्याळामागं कोण बघतंय?"

म्हणजे दोन पावसाळे माझ्या डोक्यावर तोच सेल टकटकत होता. आबांना दहा मिनिटांची वाट न पुरलेला.

"तू पाटलांना खरं सांगायचं होतंस," मी म्हटलं. माझा आवाज चढला. मला तिचाच राग आला होता, खोटं का बोलू. "लोकांनी तुला काय काय म्हटलं! चुलत्यांनी दारात उभं केलं नाही. एवढं सगळं तू…"

"खरं सांगितलं असतं तर पाटलानं बॅटरी उघडली असती. गावानं म्हणलं असतं, पोरीनं बाप मारला. पंधरा वर्षाची व्हतीस तू. आन् विहीर तर तिथंच व्हती." तिने मांडीवरची सालं झटकली. "मला म्हणले, म्हणू दिलं. त्यायला म्हणले, तेवढं मात्र सोसलं न्हाई. अजून सोसत न्हाई."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. चाळिशीला टेकलेली बाई, शाळेत पोरांना दम देणारी, पण रडले. तिच्या बोटांना लसणाचा वास येत होता. मग तिने विचारलं,

"नाव आलतं का गं?"

"आलतं. गावाचंबी आलतं."

"मग मागायचे व्हते की त्यायला. दिले असते त्यायनं हसत. बॅटरीबिगर काठी टेकत गेले असते, वाट पाठ व्हती. बॅटरी हातात व्हती म्हणून पाय टाकला."

हे मला चोवीस वर्षांत सुचलं नव्हतं. मागायचे होते. आबा ओरडले असते, सेलांची नासाडी करतेस म्हणाले असते, आणि मग बॅटरीचं झाकण फिरवून नवा जोड माझ्या हातावर ठेवला असता. नाव ऐकायला कदाचित पाच मिनिटं थांबलेही असते. माझ्याने हे सहन होत नाही, आणि आता ते रोज सहन करायचं आहे.

"आता सांगून टाक," माय म्हणाली. "तू लेकरू व्हतीस तवर झाकलं. आता तुझं लेकरू बारावीला हाय. त्यायच्या नावावरचं ते काढ. मी हाय तवर काढ."

संध्याकाळी तन्वीला समोर बसवून सांगितलं. ती उठली. गच्चीवरून तो सेल घेऊन आली, कचऱ्याच्या डब्यापाशी जरा थांबली आणि मग माझ्या हातात दिला. नूरीला फोन अजून लावलेला नाही, पण लावणार आहे. आणि हे लिहिलंय ते गावासाठी. चुलते वारले, किसनकाका थकलेत, पण ओट्यावर बसून आबांच्या हातून सेल घेतलेली माणसं अजून आहेत. त्यांनी हे वाचावं, किंवा कुणीतरी त्यांना वाचून दाखवावं. आबांनी उडी मारली नाही. मायने त्यांना कधी दुखवलं नाही. हळदीचे सेल मी काढून घेतले होते. आबांच्या हातात बॅटरी होती, आणि बटन पुढे सरकवलेलं होतं.